गोष्ट नेमकी कुठे थांबवावी?



"बाई, पुढे काय झालं?" हा प्रश्न वर्गात आला की समजायचं, गोष्ट मुलांपर्यंत पोहोचली. पण हा प्रश्न येतो कशामुळे? रहस्य लपवून ठेवलं की उत्सुकता वाढते, असं आपण म्हणतो. मला ते अर्धंच खरं वाटतं.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही सागरी रहस्यकथा घ्या. १८८१-८२ मध्ये ती 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८८३ साली पुस्तकरूपात निघाली.

त्यातला पिंपाचा प्रसंग आठवा. जिम हा मुलगा सफरचंद घ्यायला जवळजवळ रिकाम्या पिंपात उतरतो. तेवढ्यात कुणीतरी पिंपाला टेकून बोलू लागतं. आवाज ओळखीचा, जहाजावरच्या लाडक्या स्वयंपाक्याचा, सिल्व्हरचा! चार शब्द ऐकताच जिमला कळतं, की जहाजावरच्या सगळ्या प्रामाणिक माणसांचे जीव आता आपल्या एकट्यावर अवलंबून आहेत. आणि तिथेच प्रकरण संपतं.

बघा, लेखकाने धोका लपवलेला नाही, उलट सांगून टाकलाय. जिमला कळलं, आपल्यालाही कळलं. पण इतरांना सांगायचं तर आधी पिंपातून जिवंत बाहेर पडायला हवं. पुढच्या प्रकरणात सिल्व्हर एका पोराला पिंपातलं सफरचंद आणायला सांगतो, तेव्हा तर आपलाच श्वास अडकतो.

यात समुद्राचा वाटा मोठा आहे. गावात संकट आलं तर शेजारी असतात, पळायला रस्ता असतो. जहाजावर चारी बाजूंना पाणी, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याच हातचं जेवायचं!

म्हणून माझं मत असं, की अशी गोष्ट एका तासात उरकू नये. रोज एक प्रकरण वाचावं. मात्र घंटा झाली म्हणून कुठेही थांबू नका. पात्राला काहीतरी कळलंय, पण त्याने अजून काही केलेलं नाही, अशा जागी थांबा. आणि पुस्तक मिटल्याबरोबर 'कोण कोणास म्हणाले' सुरू करू नका. एवढंच विचारा, "तुम्ही त्या पिंपात असता तर काय केलं असतं?"

उत्तर लगेच घेऊ नका. मुलांना तो प्रश्न घरी नेऊ द्या. दुसऱ्या दिवशी एरवी न वाचणारा एखादा मुलगा ते पुस्तक मागायला आला, तर त्या तासाचं सार्थक झालं असं समजा.