पॅकेज विचारलंत, आता पुढचं विचारा!

प्लेसमेंटचा सीझन आला की कट्ट्यावर एकच प्रश्न असतो, 'किती एलपीए?' विचारायलाच हवा. एज्युकेशन लोनचा हप्ता काही कंपनीच्या नावावर भागत नाही. पण पुढच्या वेळी कॅम्पसवर मल्टिनॅशनल कंपनी आली, की हात वर करून आणखी एक प्रश्न विचारा: 'तीन वर्षांपूर्वी इथे फ्रेशर म्हणून लागलेली मुलं आज काय काम करतायत?'

कारण पगारावर आलेला माणूस जास्त पगार दिसला की जातो. कोविडनंतर आयटीत कामं वाढली, बाहेर भराभर ऑफर्स मिळू लागल्या, आणि जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिससारख्या कंपनीतही नोकरी सोडणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे शंभरातले अठ्ठावीस!

आता दुसरं उदाहरण बघा. कोल्हापूरच्या लीना नायर सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनीअर झाल्या, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमध्ये एचआर शिकल्या आणि १९९२ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागल्या. सुरुवातीला कारखान्यात काम केलं, मग एकेक जबाबदारी वाढत गेली. २०१६ मध्ये त्या युनिलिव्हरच्या जागतिक एचआर प्रमुख झाल्या. २०२२ मध्ये 'शनेल'च्या सीईओ म्हणून त्या बाहेर पडल्या, तोवर एकाच कंपनीत जवळपास तीस वर्षं झाली होती. पुढची पायरी दिसत राहिली तर हुशार माणूस टिकतो, तो असा.

काही कंपन्यांना मात्र करिअर डेव्हलपमेंट म्हणजे पोर्टलवरचे दोनशे व्हिडिओ वाटतात. ते बघायचे कधी, तर रविवारी! आणि तरी कोणी जाऊ नये म्हणून बॉण्ड. बॉण्डने माणूस अडकतो, त्याचं मन कामात राहीलच असं नाही.

म्हणून आधीच विचारून घ्या. टीम किंवा प्रोजेक्ट किती महिन्यांनी बदलता येतो? कंपनीतल्या नव्या जागांसाठी आतल्यांना अर्ज करता येतो का? शिकायला ऑफिसच्या वेळेतला वेळ मिळतो का? मार्गदर्शन करायला सीनिअर कोण असेल?

दोन ऑफर्समध्ये वर्षाला तीस-चाळीस हजारांचाच फरक असेल, तर जिथे या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतील तिथे जा. तो फरक पुढे भरून निघू शकतो. एकच एक्सेल शीट भरण्यात गेलेली पहिली तीन वर्षं मात्र परत मिळत नाहीत.