पाळलेली पाल आणि आपले अणुव्रत

अमेरिकेतील भाचीच्या मुलाने ‘लेपर्ड गेको’ ही ठिपकेदार पाल हौसेने घरी आणली. तिचा ‘एनिग्मा’ हा वाण निवडक पैदाशीतून आलेला. त्यासोबत जन्मजात मज्जाविकारही येतो. मान कलते, पाल जागीच गोल फिरते, झडप चुकते. हा विकार बरा होत नाही. ती पाला खात नाही. तिला कीटकच लागतात. म्हणून जिवंत रातकिडा चिमट्याने तिच्या तोंडाशी धरावा लागतो. भाची विचारते, “मामा, माझ्या हातून हे कसे व्हावे?”

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ आहे. म्हणून तिला उपाशी ठेवता येत नाही. रातकिडाही त्रस जीव; म्हणून खाऊ घालणेही निर्दोष नाही. मात्र त्याच पाचांत पहिला ‘बंध’ आहे. खरी चूक तेथे, खरेदीच्या क्षणी झाली. ग्राहक आहे म्हणून पैदास आहे, हे आपणा व्यापाऱ्यांस कोणी सांगावे?

भाचीला लिहिले : जाणत्या सांभाळकर्त्याकडे सोपव, तिची पैदास होऊ देऊ नकोस, आणि दुसरी आणू नकोस. तोवर मात्र तिला उपाशी ठेवू नकोस. तो दोष आपला समजून प्रतिक्रमण कर.