विषाद, औषध आणि पायाची सूज

'विषाद' या शब्दाच्या मुळाशीं 'सद्' हा धातु आहे. बसणें, खचणें हे त्याचे अर्थ. इंग्रजी वैद्यक ज्यास डिप्रेशन म्हणतें, त्या रोगाचें सारें वर्णन या एका धातूंत आलें आहे. प्रथम मन खचतें, मग माणूस अंथरूण धरतो, आणि तो दिवसच्या दिवस पडून राहिला म्हणजे त्याच्या पायांतील रक्तही मंदावतें. या शेवटच्या गोष्टीचा विचार घरोघरीं क्वचितच होतो; म्हणून आज आम्ही तोच विषय घेतला आहे.

पायाच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसांत अडकली तर प्राणावर बेतते. मनोरुग्णांच्या कांहीं औषधांचा या गुठळीशीं संबंध आहे. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझिन देण्यास आरंभ झाला; त्या वर्गांतील औषधें मुख्यतः भ्रम व उन्माद यांवर देतात, परंतु चिवट विषादांतही कधीं कधीं जोडीस देतात. २०१० सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणींत, हीं औषधें घेणाऱ्यांस गुठळीचा धोका सुमारें ३२ टक्के अधिक आढळला. ज्यांनीं तीं तीन महिन्यांच्या आंत नव्यानें सुरू केलीं होतीं, त्यांस जवळजवळ दुप्पट. आंकडा ऐकून धसका बसेल, पण हिशेब पुरा मांडावा: दहा हजार रोग्यांनीं वर्षभर औषध घेतलें, तर जास्तीच्या गुठळ्या सुमारें चार. केवळ विषादावरील गोळ्या घेणाऱ्यांतही धोका थोडा अधिक आढळतो. मात्र त्यांत गोळीचा वांटा किती व रोगाचा किती, हें अद्याप निश्चित झालेलें नाहीं.

आमच्या राजुऱ्याकडे यांत दोन गोष्टींची भर पडते. एक, उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि विषण्ण माणसास तहानेचेंही भान राहत नाहीं. पाणी कमी पडलें कीं रक्त दाट होतें. दुसरी, सिकलसेल. हा आनुवंशिक रक्तदोष चंद्रपूर-गडचिरोलींत पुष्कळ आढळतो व गुठळीचा धोका वाढवितो. आपल्या घरीं तो नसला, तरी शेजारीं असूं शकेल. असा दोष, पूर्वीची गुठळी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा संततिनियमनाची गोळी, यांपैकीं कांहीं असल्यास डॉक्टरांस औषधापूर्वींच सांगावें.

इतकें वाचून कोणी गोळ्या बंद करूं पाहील, तर तो अनर्थ होईल. औषध एकाएकीं सुटलें कीं रोग उलटतो, आणि हा रोग माणसास आत्मघातापर्यंत नेतो. गुठळी वेळीं ओळखली तर तिजवर खात्रीचे उपचार आहेत. तेव्हां औषध चालूं ठेवावें आणि पायाकडे लक्ष द्यावें.

एकच पाय सुजला, पोटरी दुखूं लागली, तेथील कातडी तांबूस व ऊन लागली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. आपल्याकडे पाय दुखला कीं तेल लावून चोळण्याची चाल आहे. येथें ती घातक ठरूं शकते. मनानें ॲस्पिरिनही देऊं नये. विषादावरील कित्येक गोळ्यांसह तिनें रक्तस्राव होण्याची भीति असते. अचानक दम लागला, छातींत कळ आली किंवा थुंकींतून रक्त पडलें, तर घटकाभरही न थांबतां रुग्णालय गांठावें.

एरवीं उपाय साधे आहेत. रोग्यास सकाळ-संध्याकाळ हात धरून अंगणांत चालवावें, वेळच्या वेळीं पाणी द्यावें, आणि नागपूरच्या लांबच्या प्रवासांत वाटेंत उतरवून चार पावलें फिरवावें. 'उठ, चाल' असें नुसतें म्हटल्यानें विषण्ण माणूस उठत नाहीं. त्याच्याबरोबर कोणीतरी चालावें लागतें.