खाज म्हाताऱ्यांची, धंदा ट्यूबचा

पावसाळाभर मुलाकडे अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला राहून आलेली आपल्याकडची म्हातारी माणसं गावी परतली की पिशवीत एक अर्धी वापरलेली ट्यूब हमखास निघते. माझी आत्या यंदा घाटकोपरहून आली, तिच्याही पिशवीत निघाली. जांघेत आणि कमरेला नायटा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं मलम दोन महिने लावलं. दोन दिवसांत खाज थांबायची, आठ दिवसांत दुप्पट व्हायची. शेवटी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली.

यात दोष म्हातारीच्या आंघोळीचा नाही. उपनगरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तीनशे चौरस फुटांच्या खोलीत पाच-सहा माणसं. कपडे घरातच दोरीवर, ओलसर राहतात. बुरशीला आणखी काय पाहिजे? त्यात वयाने कातडी पातळ आणि कोरडी झालेली, अनेकांना साखर.

खरा घोळ मलमाचा आहे. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी मरत नाही, पसरते. केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्रीची सूट काढून घेतली. नियम आहे, पण काउंटरवर चिठ्ठी विचारतो कोण? परिणाम असा की टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे पसरली. २०२० साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालं. नावातच आपला देश आहे.

सरकारी योजनांतही हा आजार मध्येच लटकतो. सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. नायट्यासाठी कोण भरती होतं? म्हणून पोरगा कामावरून येताना ट्यूब आणतो. त्यापेक्षा महापालिकेच्या आपला दवाखान्यात आधी दाखवावं, गरज पडली तर जुहूच्या कूपर किंवा घाटकोपरच्या राजावाडीत जावं. रांग असते, खरं आहे. पण दोन महिन्यांच्या ट्यूबपेक्षा एक सकाळ स्वस्त पडते.

घरी करण्यासारखंही पुष्कळ आहे. आंघोळ कोमट पाण्याने, साबण कमी. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल लावावं. मात्र जांघ, काख आणि बोटांच्या बेचक्यात तेल नको, तिथे कोरडंच पाहिजे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. ऊन नसेल तर कपड्यांच्या शिवणीवर गरम इस्त्री फिरवावी. रात्री खाज वाढत असेल आणि घरात दोघा-तिघांना असेल तर ती खरूज असू शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारून सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावावं. साखर असलेल्यांचे तळपाय रोज बघावेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, टाच आणि माकडहाड तपासावं.

अन्न व औषध प्रशासनाने काउंटरवरची चिठ्ठी तपासायला सुरुवात केली तर अर्धं काम होईल. उरलेलं आपल्या हातात आहे. म्हातारी माणसं खाजेबद्दल सुनेला-मुलाला लाजेने सांगत नाहीत. गावाकडून फोन कराल तेव्हा जेवण झालं का एवढ्यावर थांबू नका. अंगाला खाज येते का, कुठली ट्यूब लावता, हेही विचारा.