अतिमानवाला मराठी का येत नाही?

अतिमानवी पराक्रमाचे चित्रपट म्हणजे निव्वळ पोरखेळ, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत आहे. ती मला मान्य नाही. हे चित्रपट मी आवडीने पाहतो आणि त्यांतील बरेवाईटही निवडतो. २०१९ मधील ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’नंतर आलेल्या अनेक परदेशी सुपरहीरोपटांत शहरेच्या शहरे कोसळतात, परंतु त्यात कोणाचे घर पडले, हे कळत नाही. उलट २०२१ च्या मल्याळी ‘मिन्नल मुरली’त अंगावर वीज पडून सामर्थ्य लाभते ते खेडेगावातील एका शिंप्याला, आणि त्याच विजेमुळे त्याच गावातील एक उपेक्षित माणूस त्याचा प्रतिस्पर्धी बनतो. गाव लहान आहे, म्हणूनच तेथील प्रत्येक हानी मोठी वाटते. तात्पर्य, या चित्रप्रकाराला अमेरिकेची महानगरे अपरिहार्य नाहीत. मग तो मराठीत का रुजत नाही?

कथाबीजांचा तुटवडा हे कारण खचितच नव्हे. आमच्या सुलतानपूरपासून जवळच असलेले लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झाले, असे विज्ञान सांगते. तर येथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला, असे लोकपरंपरा सांगते. आकाशातून कोसळलेला पाषाण, भूमीखाली दडलेला दैत्य आणि त्याला शोधून काढणारा तारणहार! परदेशी चित्रनिर्माते ज्या सामग्रीसाठी नवनवी ग्रहमंडळे कल्पितात, ती आमच्या तालुक्यात तयार आहे. शेजारच्या भाषांनी असे धन वापरलेही. २०२४ चा तेलुगू ‘हनु-मान’ पुराणातून बळ घेतो, तर २०२५ चा मल्याळी ‘लोका’ केरळच्या लोककथेतील यक्षीला आजच्या शहरात आणतो.

प्रेक्षकसंख्येचीही उणीव नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे सुमारे ८.३ कोटी, तेलुगूभाषक ८.१ कोटी, तमिळभाषक ६.९ कोटी आणि मल्याळीभाषक अवघे ३.५ कोटी होते. प्रयत्न झाला नाही, असेही म्हणता येत नाही. निखिल महाजन यांनी दिग्दर्शित केलेला, श्रेयस तळपदे यांची भूमिका असलेला ‘बाजी’ २०१५ मध्ये आला. परंतु त्या एका चित्रपटातून परंपरा निर्माण झाली नाही.

याचे उत्तर अर्थशास्त्राच्या एका साध्या नियमात आहे. चित्रपटाचा जवळजवळ सर्व खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतच होऊन जातो. त्यानंतर आणखी एका प्रेक्षकाला तो दाखविण्याचा खर्च नगण्य असतो. साहजिकच ज्याची बाजारपेठ मोठी मोजली जाते, तोच मोठा खर्च पेलू शकतो. ‘मोजली जाते’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ‘एंडगेम’ भारतात इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ व तेलुगूत प्रदर्शित झाला, मराठीत नाही. मराठी माणसाला हिंदी समजते, मग वेगळा खर्च कशाला, हा वितरकाचा हिशेब त्याच्यापुरता बिनचूक आहे. मात्र त्यामुळे अकोल्यात, जालन्यात किंवा बुलढाण्यात विकले गेलेले तिकीट हिंदीच्या खात्यावर जमा होते. आठ कोटींची भाषा या बाजाराच्या वहीत दिसतच नाही. आणि जी बाजारपेठ दिसत नाही, तिच्यासाठी कोणी भांडवल गुंतवीत नाही.

हानी केवळ पैशाची नाही. गावातील मुलगा घरी भांडतो, हसतो, रडतो मराठीत. पण त्याच्या हातातील मोबाइलवर शौर्य, यंत्रे आणि अंतराळ यांची भाषा हिंदी असते. मराठी ही घरातल्या विनोदाची आणि दुःखाची भाषा, साहसाची नव्हे, असा धडा तो कोणी न शिकविताच शिकतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सर्वांनाच आहे. तथापि बारा वर्षांच्या मुलाच्या मनातील भाषेचा दर्जा शासननिर्णयाने ठरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, की परभाषी चित्रपट मराठीत बोलू लागले तर मूळ मराठी चित्रपट बुडेल. कर्नाटकात हीच भीती बाळगून चित्रव्यवसायाने कित्येक दशके भाषांतरित चित्रपटांवर अघोषित बंदी घातली होती. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या निर्बंधांविरुद्ध निर्णय दिला. पुढे २०१८ मध्ये ‘केजीएफ’ आणि २०२२ मध्ये ‘कांतारा’ हे कन्नड चित्रपट देशभर गाजले. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई मी करणार नाही. पण कन्नड चित्रपट बुडाला नाही, एवढे निश्चित. शिवाय भाषांतरित चित्रपटांमुळे संवादलेखक, आवाज देणारे कलावंत आणि ध्वनितंत्रज्ञ यांना काम मिळते व त्यांचे कसब वाढते. उद्याच्या मूळ मराठी साहसपटालाही याच माणसांची गरज लागणार आहे.

२०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठी होती. म्हणजे दार बंद नाही. मात्र ते उघडे राहायचे, तर मराठी आवृत्तीला तालुक्याच्या गावी आणि सोयीच्या वेळी खेळ मिळाला पाहिजे. आणि ती उपलब्ध असताना आपण सवयीने हिंदीचे तिकीट काढता कामा नये. मराठी चित्रपटांना अनुदान देणाऱ्या राज्य शासनाने चमत्कारदृश्यांचे खर्चिक तंत्र अनेक निर्मात्यांना सामायिकपणे वापरता येईल, अशी सोयही करावी. बाजार भावनांची नोंद ठेवीत नाही, मागणीची ठेवतो. मराठी प्रेक्षकाने आपली मागणी आपल्या भाषेच्या नावावर नोंदवावी. लोणारचा दैत्यसूदन पडद्यावर येण्याची वाट तेथूनच सुरू होते.