लष्करासाठी बनलेले ‘नॅनो’ पदार्थ तुमच्या उपचारात: विश्वास कशावर ठेवायचा?

‘ही पट्टी लष्करात वापरतात’, ‘यात डीआरडीओचे तंत्रज्ञान आहे’, ‘नॅनो कणांमुळे जखम लवकर भरते’. औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन खरेदी करताना असे दावे तुमच्या वाचनात आले असतील. ते नेहमीच खोटे असतात असे नाही. पण लष्कराने वापरलेली वस्तू तुमच्या आजारातही सुरक्षित असेलच, असा त्याचा अर्थ होत नाही.

संशोधन लष्कराकडे का जाते?

मढच्या रहिवाशांना संरक्षण दलांचा शेजार नवा नाही. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि जवळच मालाड-मार्वे भागात नौदलाचा ‘आयएनएस हमला’ तळ आहे. या दलांसाठी चालणारे संशोधन मात्र सहसा आपल्या नजरेस पडत नाही. अंबरनाथला डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. तिची सुरुवात 1953 मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत झाली. जहाजे आणि पाणबुड्यांसाठी लागणारे रंगलेप, रबर, पॉलिमर असे पदार्थ तिथे विकसित होतात. पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक काढणारा फिल्टरही याच प्रयोगशाळेने तयार केला.

यामागे पैशाचे गणित आहे. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डीआरडीओसाठी सुमारे 26,800 कोटी रुपये होते, तर आरोग्य संशोधन विभागासाठी सुमारे 3,900 कोटी. डीआरडीओचा बहुतेक पैसा शस्त्रास्त्रांवर खर्च होतो, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. तरीही नवा, महागडा पदार्थ आधी संरक्षण क्षेत्रात का दिसतो, हे त्यातून कळते. अमेरिकेतही 2002 मध्ये लष्कराने एमआयटी या संस्थेला सैनिकांसाठीच्या नॅनो संशोधनाकरिता पाच वर्षांसाठी 5 कोटी डॉलर दिले होते.

फायदा झाला, त्याचे उदाहरण

जिओलाइट या खनिजासारख्या पदार्थात एका नॅनोमीटरपेक्षाही लहान छिद्रे असतात. दाबाखाली हवा सोडली की तो नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. ‘तेजस’ विमानाच्या वैमानिकाला उंचावर ऑक्सिजन मिळावा म्हणून डीआरडीओने या तत्त्वावर यंत्रणा विकसित केली होती. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत तेच तंत्रज्ञान रुग्णालयांसाठी वापरले गेले. मिनिटाला 1,000 लिटर ऑक्सिजन देणारे 500 प्लांट पीएम केअर्स निधीतून उभारण्याचे ठरले. सीओपीडीच्या रुग्णाच्या घरी असलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर याच तत्त्वावर चालते.

तोच पदार्थ, वेगळा परिणाम

याच जिओलाइटची भुकटी 2002-03 पासून अमेरिकी सैनिकांना रक्तस्राव थांबवण्यासाठी दिली गेली. ती जखमेत टाकली की रक्तातले पाणी शोषून घेई आणि रक्त लवकर गोठे. पण पाणी शोषताना ती तापत असे, त्यामुळे काही जखमींना भाजल्याच्या इजा झाल्या. पुढे अमेरिकी नौदलाच्या संशोधन निधीतून त्यावर काम झाले आणि 2008 च्या सुमारास भुकटीची जागा केओलिन लावलेल्या गॉजने घेतली. ते गॉज तापत नाही. दुसऱ्या एका भुकटीचा वापर अमेरिकी लष्कराने 2009 मध्ये थांबवला, कारण प्राण्यांवरील चाचण्यांत तिच्यामुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याचे दिसले.

यातला हिशेब असा: रणांगणावर मांडीची धमनी तुटलेला पंचविशीतला सैनिक काही मिनिटांत दगावू शकतो. त्याच्यासाठी थोडे भाजणे परवडते. तुमच्या वडिलांना मधुमेह आहे आणि पायाची जखम तीन महिने भरत नाही, तर तिथे घाई मिनिटांची नसते. तोच पदार्थ रोज, आठवडेच्या आठवडे, नाजूक त्वचेवर लागणार असतो. त्यामुळे सैनिकावरचा अनुभव त्यांच्यासाठी पुरावा ठरत नाही. त्यांच्यासारख्या रुग्णांवर वेगळी चाचणी व्हायला हवी, आणि लष्करी निधी प्रामुख्याने सैनिकाच्या गरजेसाठी असल्याने हा टप्पा अनेकदा मागे पडतो. सार्वजनिक आरोग्य संशोधनाला पैसा कमी पडला, तर त्याची झळ रुग्णाला बसते ती इथे.

घेण्यापूर्वी विचारा

- परवाना आहे का? 1 एप्रिल 2020 पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आहेत. जखमेवरच्या पट्टीच्या वेष्टनावर परवाना क्रमांक शोधा. नसेल तर घेऊ नका.
- माझ्यासारख्या रुग्णांवर चाचणी झाली आहे का? भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कोणालाही मोफत पाहता येते.
- नॅनो औषध असेल तर त्याची स्वतंत्र तपासणी झाली का? कण लहान झाला की तो शरीरात कुठे जातो आणि किती काळ राहतो, हे बदलू शकते. म्हणूनच 2019 मध्ये केंद्र सरकारने नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली.
- नेहमीच्या उपचारापेक्षा फायदा किती, खर्च किती? मधुमेही जखमेत साखर नियंत्रण, जखमेची सफाई आणि पायावरचा दाब कमी करणे याला कोणतीही पट्टी पर्याय नाही.

घरी रक्तस्राव झाला तर

कोयत्याने, मासळी कापताना किंवा बोटीवर काम करताना खोल जखम झाली, तर स्वच्छ कापडाने त्यावर घट्ट दाब द्या. किमान 10 मिनिटे दाब सोडू नका आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी कापड उचलू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हळद, कॉफी किंवा ऑनलाइन मागवलेली भुकटी जखमेत भरू नका. रक्त उसळून येत असेल तर लगेच 108 ला फोन करा. मढहून मालाडच्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून वाटेतही दाब कायम ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका.

नवा पदार्थ कोणाच्या पैशातून तयार झाला, याने तो चांगला किंवा वाईट ठरत नाही. पुढच्या भेटीत वेष्टन सोबत न्या आणि डॉक्टरांना एवढेच विचारा: ‘माझ्यासारख्या रुग्णावर याचा फायदा सिद्ध झाला आहे का?’