खिडकी लावली, पुढे काय?

९ सप्टेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत उजाडलेच नाही. दहा वाजून गेले तरी रस्त्यावरचे दिवे चालू, गाड्यांचे दिवे चालू आणि आभाळ गेरू कालवल्यासारखे. लोकांनी मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली, तर अनेक कॅमेऱ्यांनी तो नारिंगी रंग परस्पर 'दुरुस्त' करून साधे ढगाळ आभाळ दाखवले. त्या दिवसाची छायाचित्रे जगभर फिरली.

पण त्या दिवशी शहरातली जमिनीलगतची हवा दिसत होती तितकी वाईट नव्हती. समुद्रावरून आलेल्या थंड, दमट हवेच्या थराने धूर वर उचलून धरला होता. तो खाली उतरला पुढच्या दोन-तीन दिवसांत. तेव्हा आभाळ नुसते करडे होते, कोणी फोटोही काढत नव्हते आणि हवा मात्र खरोखरच घातक झाली होती. वणव्याच्या धुराबाबत डोळ्यांवर विसंबू नये, याचा इतका चांगला धडा शोधून सापडणार नाही.

त्या धुराची सुरुवात १६ ऑगस्टला झाली होती. पाऊस जवळजवळ नाहीच, विजा मात्र हजारोंनी कोसळल्या. त्यातून पेटलेल्या आगींपैकी 'ऑगस्ट कॉम्प्लेक्स' या एकाच वणव्याने दहा लाखांहून अधिक एकर जाळले. कॅलिफोर्नियाच्या नोंदींत असे पूर्वी घडले नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात १८ ऑगस्टपासून सलग ३० दिवस खराब हवेचा इशारा लागू राहिला. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. म्हणजे फ्रीमाँट, सनीवेल, क्युपर्टिनोमधल्या मराठी घरांत गणपती बसले, उठले, तो सगळा काळ याच इशाऱ्यात गेला. बाहेर धूर आणि कोविडची साथ दोन्ही, आत बंद खिडक्या, आणि त्या बंद घरात धूप, कापूर, तळण.

अशा वेळी सरकारी सल्ला ठरलेला असतो: घरात राहा, दारे-खिडक्या लावून घ्या. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. घर म्हणजे काही झाकण घट्ट बसवलेला डबा नव्हे. दाराखालची फट, खिडकीची चौकट, पोटमाळ्याकडची भोके, न्हाणीघरातला पंखा अशा नाना वाटांनी हवा आत-बाहेर करत असते आणि तिच्याबरोबर धूरही येतो. या धुरातले सर्वांत त्रासदायक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. माणसाचा केस त्यांच्या वीस-तीस पट जाड. फटींतून शिरायला आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचायला त्यांना काहीच अडचण येत नाही.

किती शिरतात, याचा हिशेब बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे १,४०० इमारतींत लोकांनी स्वतःच्या हौसेने लावलेल्या स्वस्त हवामापकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वणव्याच्या दिवसांत लोक खिडक्या लावतात, त्यामुळे बाहेरचा धूर आत येण्याचे प्रमाण नेहमीच्या निम्म्यावर आले होते. तरीही घरातले सूक्ष्मकण एरवीच्या जवळपास तिप्पट झाले होते. आणि ही घरे कोणाची? पदरचे दोन-अडीचशे डॉलर खर्चून हवामापक लावणाऱ्यांची. जुन्या, खिळखिळ्या भाड्याच्या घरांत काय होत असेल, ते या आकड्यांत फारसे आलेलेच नाही.

बाहेरून येणारा धूर एक, आणि घरात तयार होणारा दुसरा. खिडकी बंद झाली की फोडणीचा ठसका, तव्यावरचा करपलेला पराठा, उदबत्ती आणि मेणबत्ती यांचे कण घरातच कोंडतात. शेगडीवरचा एक्झॉस्ट लावावा, तर तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच धुरकट हवा फटींतून आत ओढतो. म्हणून धुराच्या दिवसांत तळण आणि भाजण टाळणे शहाणपणाचे. तळणीचे मोदक की उकडीचे, हा वाद कोकण आणि देश यांच्यात कितीही रंगो, वणव्याच्या आठवड्यात निकाल उकडीच्या बाजूने लागतो.

मग हवा स्वच्छ कशी करायची? इथे बाजार पुढे सरसावतो. 'आयनायझर', 'प्लाझ्मा', 'ओझोनने शुद्ध हवा' अशी पाटी असलेली यंत्रे शेकड्यांनी मिळतात. त्यातला ओझोन हा स्वतःच फुप्फुसांना जाळणारा वायू. तो ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सोडणाऱ्या घरगुती यंत्रांच्या विक्रीवर कॅलिफोर्नियाने २०१० पासूनच बंदी घातली आहे. धुराच्या कणांवर खरा उपाय जुनाच आहे, गाळणी. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. यंत्र घेताना जाहिरातीतली पाने-फुले बघण्यापेक्षा खोक्यावरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र किती वेगाने स्वच्छ हवा देते तो आकडा, बघावा. खोली जितके चौरस फूट, तितका तरी धुरासाठीचा सीएडीआर हवा. सगळे घर शुद्ध करण्याचा हट्ट सोडून एकच खोली निवडली, शक्यतो झोपण्याची, तर खर्च आटोक्यात राहतो.

आणि तोही परवडत नसेल तर खोके बांधावे. ही कल्पना २०२० च्या उन्हाळ्यातलीच. हवेचे अभ्यासक रिचर्ड कोर्सी यांनी ती सुचवली आणि टेक्ससमध्ये फिल्टरचा व्यवसाय असलेल्या जिम रोझेंथाल यांनी ती बांधून दाखवली. घर गरम करणाऱ्या यंत्रणेत किंवा मध्यवर्ती एसीत बसवायचे 'मर्व्ह १३' दर्जाचे चार चौकोनी फिल्टर भिंतींसारखे उभे करायचे, तळाला पुठ्ठा लावायचा, वर वीस इंची चौकोनी पंखा आडवा ठेवायचा आणि सगळ्या कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला हवेत आणि पंख्याचे तोंड वर. पंख्याच्या चार कोपऱ्यांवर पुठ्ठ्याची झालर लावली की हवा उलटी परतत नाही. खर्च साधारण शंभर डॉलरच्या आत-बाहेर. चार फिल्टरांमुळे हवेला वाट मोठी मिळते, म्हणून पंख्यावर ताण कमी पडतो. पंखा २०१२ नंतरच्या बनावटीचा असावा, एवढी एक काळजी अमेरिकेचे पर्यावरण खाते घ्यायला सांगते. दिसायला हे प्रकरण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून उचलून आणल्यासारखे, आवाजही बऱ्यापैकी. पण त्याच्या कितीतरी पट किमतीच्या यंत्रांना ते हार जात नाही.

बंद खिडकीचा सल्ला सर्वांत महाग पडतो तो उन्हाळ्यात. जून २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतावर उष्णतेचे झाकण बसले. २९ जूनला लिटन गावात ४९.६ अंश तापमान नोंदवले गेले आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव वणव्यात जळाले. त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसे उष्म्याने दगावली. त्यांतली ९८ टक्के घराच्या किंवा इमारतीच्या आत होती, बहुतेक वृद्ध, निम्म्याहून अधिक एकटी राहणारी. थंड हवामानाच्या या भागात अनेक घरांना एसी नव्हताच.

धूर आणि उष्मा एकत्र आले तर आधी उष्म्याकडे बघायला हवे, कारण तो काही तासांत मारतो. घर तापले आणि एसी नसेल तर ग्रंथालय किंवा मॉल गाठावा. ते जमत नसेल तर निदान संध्याकाळी खिडकी उघडावी, धूर आला तरी. एसीतही भेद आहेत. खिडकीतल्या एसीची ताजी हवा घेण्याची झडप बंद ठेवावी लागते. एका नळीचा, चाकांवर फिरणारा एसी खोलीतली हवा बाहेर ढकलतो आणि तितकाच धूर आत ओढतो. विदर्भातल्या वाचकाला ओळखीचा असलेला पाण्याचा कूलर कोरड्या पश्चिम अमेरिकेतही अनेक घरांत दिसतो. तो तर चालतोच मुळी बाहेरची हवा ओढून.

आता प्रश्न पैशाचा. अमेरिकेत भाड्याच्या घरात आगीची सूचना देणारा भोंगा लावणे घरमालकावर बंधनकारक असते. आग शेजारी लागली तर कायदा जागा होतो, दोनशे मैलांवर लागली आणि तिचा धूर पाळण्यापर्यंत पोहोचला तर 'आपापले बघा'. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये दोन चांगली पावले टाकली. हवेचा निर्देशांक १५१ झाला की उघड्यावर राबणाऱ्या कामगारांना मालकाने एन-९५ मुखपट्ट्या पुरवायच्या, हे एक. सार्वजनिक इमारतींत स्वच्छ हवेची केंद्रे उभारायची, हे दुसरे. पण दम्याचा रुग्ण रात्री झोपतो घरी. केंद्राला संध्याकाळी कुलूप लागल्यावर त्याने काय करायचे? ब्रिटिश कोलंबियाने २०२३ मध्ये गरजू घरांना ८,००० एसी फुकट द्यायचे जाहीर केले, ते याच तर्काने: जीव घरात जातो, तर मदतही घरात पोहोचली पाहिजे. हाच तर्क शंभर डॉलरच्या खोक्याला का लागू होऊ नये? भाडेकरूच्या घरात फिल्टर देणे ही घरमालकाची आणि ऐपत नसलेल्यांच्या घरात तो पोहोचवणे ही सरकारची जबाबदारी ठरायला हवी.

धूर ओसरला म्हणजे संपले असेही नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की धुरातले वायू भिंती, फरशी, फर्निचर यांवर चिकटून राहतात आणि पुढे बरेच दिवस हळूहळू हवेत परततात. नुसता फिल्टर त्याला पुरत नाही. पृष्ठभाग पुसून काढावे लागतात, केर काढावा लागतो. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसण्याची आपली रीत इथे बिनचूक ठरते.

हा विषय मराठी घरांपासून वाटतो तितका लांब नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, आणि मुंबईकरांनीही तेव्हा खिडक्याच लावून घेतल्या होत्या. शिवाय दर उन्हाळ्यात मुलांकडे सहा महिने राहायला अमेरिका-कॅनडात जाणारे हजारो आई-वडील आहेत. सत्तरीच्या आसपासचे, दिवसभर घरात, मुलगा-सून कामावर. ज्यांनी यंदा त्यांची तिकिटे काढली आहेत, त्यांनी त्यांच्या खोलीत हे खोके आधीच बांधून ठेवावे आणि फिल्टर आत्ताच आणावेत. आभाळ नारिंगी झाल्यावर दुकानातली ती फळी रिकामी असते.